बेलफास्टचं केसमेंट पार्क स्टेडियम नव्यानं बांधावं का? आधीच दुभंगलेल्या शहरात त्यानं भांडण वाढणार नाही का? तेवढ्या पैशात हॉस्पिटलं का बांधत नाहीत?

बांधावं. एवढं लिहून मोकळी झाले असते, पण तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी बेलफास्टला नर्स आहे, शहराच्या पश्चिम, म्हणजे मुख्यतः कॅथलिक भागात राहते आणि माझी मुलगी कॅमोगी खेळते, म्हणजे मुलींचं हर्लिंग, काठी-चेंडूचा आयरिश खेळ. केसमेंट पार्क हे अशाच गेलिक, म्हणजे पारंपरिक आयरिश खेळांचं मैदान. त्यामुळे माझ्याकडून तटस्थ वगैरे उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

हॉस्पिटलवाला मुद्दा मी पहिल्यांदा आपल्याच माणसाकडून ऐकला. इथल्या मराठी लोकांचा गणपती होता, भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. आरती झाली, मसालेभाताच्या रांगेत उभे होतो आणि टीव्हीवरच्या बातमीवरून विषय निघाला. ग्रुपमधले एक दादा आहेत, पुण्याचे, आयटीत, घर शहराच्या पूर्वेकडे. माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याला पहिल्या थंडीत जॅकेट त्यांनीच दिलं. पण प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द आपला असावा असं त्यांना वाटतं. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नर्स असून स्टेडियमच्या बाजूनं बोलता? तुमच्याकडे लोक ऑपरेशनसाठी वर्षानुवर्षं ताटकळतात आणि सरकारनं कोट्यवधी पौंड कॅथलिक लोकांच्या खेळावर उडवायचे?"

आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. हातात पापड होता, मागे रांग होती, आणि असल्या वेळी बाईमाणसानं हसून पुढे सरकायचं असतं. मी नाही सरकले.

वेटिंग लिस्ट खरी आहे. साऱ्या ब्रिटनमध्ये आमच्या इथली सर्वांत वाईट, हे मला बातम्यांतून कळत नाही, रोज फोन घेताना कळतं. पण ती यादी सिमेंट कमी पडलं म्हणून वाढलेली नाही. माणसं कमी आहेत म्हणून वाढली आहे. पगाराचा पैसा दरवर्षी लागतो, बांधकामाचा एकदा. सरकारी हिशेबात हे दोन वेगळे डबे आहेत आणि एकातलं सहजासहजी दुसऱ्यात ओतता येत नाही. स्टेडियम रद्द केलं म्हणून माझ्या ड्यूटीवर उद्या एक जास्तीची नर्स उभी राहणार नाही. आणि बांधकामाचंच म्हणाल, तर याच शहरातलं नवं प्रसूती रुग्णालय बघा. पैसे होते, इमारत झाली, मग पाण्याच्या लाइनमध्ये जंतू सापडले आणि उघडायचं लांबतच गेलं. त्यात केसमेंट पार्कचा काय दोष?

दादा म्हणाले, "ते ठीक आहे, पण सरकारनं धर्माच्या खेळाला पैसे द्यायचेच कशाला?"

इथे माझा आवाज चढला. कारण ही मांडवली केसमेंटवाल्यांनी एकट्यानं केलेली नव्हती. 2011 साली स्टॉरमॉन्टच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरकारनं, ज्यात दोन्ही बाजूंचे पक्ष होते (आयर्लंडशी जुळू पाहणारे, बहुतेक कॅथलिक, आणि ब्रिटनबरोबरच राहू पाहणारे युनियनिस्ट, बहुतेक प्रॉटेस्टंट), तीन खेळांना तीन मैदानं असं ठरवलं: रग्बीला रेवनहिल, फुटबॉलला विंडसर पार्क, गेलिक खेळांना केसमेंट पार्क. तिघांना मिळून 11 कोटी पौंड. त्यातले सव्वासहा कोटी केसमेंटला, वर दीड कोटी जीएएनं, म्हणजे गेलिक खेळांच्या संघटनेनं, स्वतःचे घालायचे. रेवनहिल 2014 ला उभं राहिलं. विंडसर पार्क 2016 पर्यंत झालं. ही दोन्ही मैदानं परंपरेनं युनियनिस्ट बाजूची मानली जातात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा हॉस्पिटल कुणाला आठवलं नाही. केसमेंट 2013 ला बंद झालं आणि त्यानंतर पायऱ्यांतून झुडपं वाढली. आता ती मोडून जागा सपाट केली आहे.

हे सगळं मी त्या रांगेत इतकं नीट बोलले नाही. निम्मं बोलले, निम्मं गाडीत नवऱ्याला ऐकवलं. वर्षं झाली, पण दादा अजून कुठे भेटले की "काय वहिनी, झालं का स्टेडियम?" असं विचारून हसतात.

बरं, 'धर्माचा खेळ' याबद्दल. मुलीच्या क्लबमध्ये शिकवणाऱ्या बाईंना एक पैसा मिळत नाही. जर्सी धुवायला पाळी लावलेली असते, सँडविचं पालक करतात, मैदानावर चुना मारायला एक रिटायर्ड बसड्रायव्हर येतो. आमच्या वॉर्डातला फिजिओ रविवारी काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या संघाकडून, हजारो लोकांसमोर खेळतो आणि सोमवारी सकाळी सुजलेल्या बोटांनी म्हाताऱ्यांना वॉकर धरून चालवतो. त्यालाही मानधन नाही. डब्लिनचं क्रोक पार्क ब्याऐंशी हजारांचं आहे आणि तिथे खेळणारे सगळे असेच हौशी. मी मिरजेची. कुस्तीच्या मैदानांना गावं कशी लोटतात ते पाहिलेलं आहे, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पण इथे हा खेळ राजकारणापासून वेगळा काढता येत नाही हेही खरं. मुलीला क्लबची जर्सी घालून शहराच्या काही भागांत जायचं असेल, तर तिच्या मैत्रिणीची आई जॅकेटची चेन वरपर्यंत लावायला सांगते. कुणी घाबरवत नाही, नुसती सवय. सुरक्षा दलांत असलेल्या माणसाला जीएएचं सभासद होता येत नाही असा नियम होता, तो 2001 साली गेला. म्हणजे परवापरवापर्यंत होता. दुसरीकडे 2020 साली पूर्व बेलफास्टात, युनियनिस्ट वस्तीत, एक जीएए क्लब निघाला. त्याच्या चिन्हावर आयरिश, इंग्रजी आणि अल्स्टर-स्कॉट्स अशा तिन्ही भाषा आहेत आणि पहिल्या अध्यक्ष लिंडा अर्विन प्रॉटेस्टंट घरातल्या. सुरुवातीलाच त्यांच्या सरावाच्या जागी संशयास्पद वस्तू ठेवल्या गेल्या, पोलीस आले. क्लब बंद पडला नाही. तेव्हा 'भांडण वाढेल का' याचं माझं उत्तर असं की जे भांडायचे ते मैदान नसतानाही भांडतायत.

आता नावाचं. सर रॉजर केसमेंट म्हणजे ब्रिटिश सरकारचा कॉन्सल. काँगोत रबरासाठी चाललेले अत्याचार 1904 च्या अहवालात त्यानं जगासमोर आणले, 1911 साली 'सर' झाला आणि 1916 साली जर्मनीकडून आयर्लंडच्या बंडासाठी शस्त्रं आणताना पकडला जाऊन लंडनमध्ये फासावर गेला. त्याला अँट्रिमच्या किनाऱ्यावर पुरून हवं होतं. ब्रिटिशांनी 1965 ला अस्थी दिल्या त्या उत्तर आयर्लंडमध्ये पुरायच्या नाहीत या अटीवर. तो डब्लिनला आहे आणि अँट्रिम काउंटीचं मैदान 1953 पासून त्याच्या नावाचं आहे. युनियनिस्ट माणसाला हे नाव टोचतं. टोचणारच. शिवाय 1972 ला ब्रिटिश लष्करानं या मैदानात तळ ठोकला होता, आणि 1988 साली एका अंत्ययात्रेत गाडी घेऊन शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना इथेच आणून मारहाण झाली, मग जवळ नेऊन गोळ्या घातल्या. त्या सैनिकांच्या घरच्यांनी या मैदानाकडे कसं बघावं हे मी सांगणार नाही.

मात्र केसमेंट आधी अडलं ते युनियनिस्टांमुळे नाही, आणि तुम्ही आर्किटेक्चर शिकत असाल (प्रश्नाच्या भाषेवरून तसं वाटलं) तर खरा अभ्यास इथे आहे. पहिला आराखडा अडतीस हजार प्रेक्षकांचा होता. 2013 च्या डिसेंबरला परवानगी मिळाली आणि वर्षभरात हायकोर्टानं ती रद्द केली. कोर्टात गेले होते मैदानाला खेटून राहणारे लोक. पश्चिम बेलफास्टचे, म्हणजे आपल्याच बाजूचे.

त्यातल्या एक आजी माझ्या ओळखीच्या. हयातभर अँट्रिमच्या समर्थक. यजमान मॅचच्या दिवशी गेटवर तिकिटं फाडायचे. त्यांच्या मागच्या अंगणात दहा पावलांची हिरवळ, कपड्यांची दोरी, गुलाबाची दोन झाडं आणि लगेच मैदानाची भिंत. मला त्यांनी हातानं दाखवलं, आत्ता भिंत इथवर आहे, नव्या नकाशात स्टँड तिथवर जाणार होता. त्यांचं बोट आभाळाकडे गेलं. बेलफास्टात ऊन म्हणजे आधीच उधारीवर. त्यातलं दुपारचं सगळं स्टँडच्या मागे गेलं असतं. "मला स्टेडियम हवंय," त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात नकोय." जीएएच्या लोकांनी सभा घेतल्या, चकचकीत चित्रं दाखवली, पण आजींच्या मते त्यांना सांगायला बोलावलं होतं, विचारायला नाही. मला विचाराल तर जीएएची दहा वर्षं या एका माजामुळे गेली. वर 2015 साली सुरक्षा तज्ज्ञानंच विधानसभेच्या समितीपुढे सांगितलं की एवढी माणसं आणीबाणीत बाहेर काढायला वाटा पुरेशा नाहीत, आणि आराखडा पास करायला आपल्यावर दबाव आला. दुसरा आराखडा साडेचौतीस हजारांचा. त्याला 2021 ला परवानगी मिळाली, पुन्हा रहिवासी कोर्टात, या वेळी हरले. आजी ते बघायला राहिल्या नाहीत.

मग युरो 2028 चं भूत. ब्रिटन आणि आयर्लंडला मिळून फुटबॉलचा युरो कप मिळाला, बेलफास्टातून केसमेंटचं नाव गेलं, कारण विंडसर पार्क साडेअठरा हजारांचं, युरोला अपुरं. गेलिक मैदानावर सॉकर! उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल समर्थकांतल्या बऱ्याच जणांना ते मुळीच नको होतं आणि त्यांनी ते बॅनर लावून सांगितलं. सात कोटी पंचाहत्तर लाखांचं काम चाळीस कोटींपुढे जाईल असे अंदाज यायला लागले. सप्टेंबर 2024 ला लंडनच्या सरकारनं पैसे द्यायला हात वर केले. मी तर म्हणते बरं झालं. चार-पाच मॅचेससाठी मैदान फुगवायचं आणि मग पाऊणभर रिकामं बघायचं, याला काय अर्थ? आयर्लंड सरकारनं 5 कोटी युरो कबूल केले, 2025 च्या जूनमध्ये लंडननं 5 कोटी पौंड. तरी आताच्या अंदाजापर्यंत बेरीज पोचत नाही. तोवर अल्स्टर प्रांताच्या गेलिक फुटबॉलची फायनल सीमेपलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकातल्या क्लोन्सला. मागच्या एका फायनलला शेजाऱ्यांबरोबर गेले होते. आर्मा काउंटीचा संघ हरला, पेनल्टीवर. सामन्याइतकाच वेळ शेतातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला लागला. बेलफास्टएवढ्या शहराला स्वतःचं काउंटी मैदान नाही आणि अँट्रिमचा संघ कॉरिगन पार्कच्या छोट्या मैदानात खेळतो, हे बघवत नाही.

'सगळ्यांचं मिळून एकच स्टेडियम का नाही' असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच. झाला होता तो विचार, मेझच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर. 1981 साली आयरिश रिपब्लिकन कैदी उपोषण करून जिथे मेले, ती जागा. कागदावर छान दिसत होतं. बारगळलं, आणि त्यातूनच तीन मैदानांची वाटणी आली.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. एक, मला आकडा लहान हवा आहे. पंचवीस हजारांचं, शेजाऱ्यांच्या अंगणावर सावली न टाकणारं मैदान अँट्रिमला पुरतं असं माझं मत. क्लबमधल्या लोकांना हे बोलले तर ते मला चहा देणार नाहीत. दोन, शब्द फक्त एकाच बाजूचा मोडला असं नाही. त्याच 2011 च्या वाटणीत लहान फुटबॉल क्लबांच्या मैदानांसाठी 3 कोटी 60 लाख ठरले होते आणि तेही वर्षानुवर्षं लटकले. तिकडचा माणूस 'आमचं काय?' विचारतो तेव्हा त्याला झिडकारू नका.

तुमच्या प्रोजेक्टसाठी सांगते: शांतता, समेट, दोन समाजांना जोडणारा पूल, असले शब्द पहिल्या पानावर लिहू नका. बाहेर पडायच्या वाटा मोजा, मागच्या घरांवर डिसेंबरमध्ये सावली किती पडते ते काढा, माणसं अँडरसन्सटाउन रोडवर एकदम ओतली तर बस कुठून जाईल ते बघा. आणि प्रेझेंटेशनच्या वेळी परीक्षकांपैकी कुणी हॉस्पिटलचा मुद्दा काढलाच, तर त्यांना नम्रपणे विचारा की विंडसर पार्क होत होतं तेव्हा हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला होता. दादांनी अजून उत्तर दिलेलं नाही.