संशय घेऊन प्रभुभोजनाला बसावं का?

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम सलाम. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत आम्ही प्रतिजैविकाची डिस्क ठेवून जिवाणू वाढवले. डिस्कभोवती जे मोकळं कडं पडतं, त्याच्या आत मला दोन वसाहती उगवलेल्या दिसल्या. औषधाला न जुमानणारे जिवाणू! उत्क्रांती पुस्तकात वाचणं वेगळं आणि अशी समोर बघणं वेगळं. तेव्हापासून बायबलमधला उत्पत्तीचा पहिला अध्याय, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली असं सांगणारा, माझ्याच्याने वाचवत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे प्रश्न सैतान घालतो, प्रार्थना कर." घरी आजी म्हणते, सहा दिवस म्हणजे सहा दिवस. मागच्या प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकरी घेण्याच्या विधीला, भाकरीची थाळी माझ्यापुढे आली आणि मी ती तशीच शेजारी दिली. आपण ढोंग करतोय असं वाटलं. मी काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रिय मुली, सलाम. तुझं थाळीचं वाक्य मी तीनदा वाचलं. ती थाळी मीही एकदा तशीच पुढे दिली आहे. त्याबद्दल सांगतेच, पण आधी उत्पत्तीचं बोलू, कारण ते त्या मानाने सोपं आहे.

मी नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात 31 वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेतली. एकदा फ्लॅनेलच्या फळ्यावर मी सृष्टीचे सहा दिवस लावत होते. चौथ्या दिवसाचा पिवळा सूर्य लावला आणि पुढच्या रांगेतला आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाई, सूर्य आत्ता झाला, मग पहिल्या दिवशी संध्याकाळ कशी झाली?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याची आजही मला लाज वाटते. नंतर वाचताना कळलं, की हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या मंडळीच्या थोर शिक्षकाने विचारला होता. सूर्य-चंद्राशिवायचे ते पहिले तीन दिवस कोण शहाणा माणूस अक्षरशः घेईल, असं त्याचं म्हणणं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने तर बजावून ठेवलं, की आकाश, तारे, प्राणी यांविषयी जाणकारांपुढे ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देत भलतंच बोलणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. डार्विनचं पुस्तक आलं 1859 साली, म्हणजे त्यानंतर चौदाशे वर्षांनी! तेव्हा सहा दिवसांचा प्रश्न सैतानाने तुझ्या डोक्यात घातलेला नाही. तो आपल्याच घरातला जुना प्रश्न आहे.

आता उलट्या बाजूची चूक सांगते, कारण आपल्या तरुण मुलांना ती फार मोहात पाडते. बेल्जियममधले जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते आणि गणिती-भौतिकशास्त्रज्ञही. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी 1927 साली मांडलं आणि 1931 साली सगळ्याचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा अशी कल्पना पुढे आणली. आज आपण महास्फोट म्हणतो त्याची ती सुरुवात. पुढे 1951 साली पोप बारावे पायस यांनी भाषणात असा सूर लावला, की विज्ञान आता निर्मितीचीच साक्ष देत आहे. लमेत्रना आनंद व्हायला हवा होता ना? त्यांना ते मुळीच रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला तो सारखाच मोकळा आहे, ही त्यांची भूमिका होती. व्यासपीठावरून कुणी "बघा, विज्ञानाने बायबल खरं ठरवलं" असं म्हणालं, की मला लमेत्र आठवतात. विज्ञानाला आज जे उमगलेलं नाही तिथे देवाला बसवलं, तर उद्या ते उमगल्यावर त्याला उठवावं लागतं. तुझ्या डिस्कभोवतीचे ते दोन ठिपके कसे उगवले याचं उत्तर जनुकांतल्या बदलात आणि निवडीत आहे. ते तसंच मान, पूर्ण मान.

माझा संशय मात्र तिथून आला नाही. तो आला कुंभारणीच्या घरट्यातून.

तुमच्या आजींना कुंभारीण माहीत असणार. खिडकीच्या चौकटीवर चिखलाचं मडक्यासारखं घरटं करणारी माशी. ती अळी आणून कोंडते आणि तिचा ध्यास घेऊन अळीच कुंभारीण होते, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगायची. एका वर्षी मी वर्गात मुलांसमोर तसं एक घरटं पिनेने फोडलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या, ताठ पडलेल्या. मेलेल्या नव्हत्या, डंख मारून त्यांना नुसतं लुळं केलेलं होतं. आणि त्यांतल्या एकीला कुंभारणीचं पिल्लू सावकाश खात होतं. टोचलं तर ती अळी किंचित हलायची. मुलं गप्प झाली. डार्विनलाही अशाच जातीच्या एका माशीने सतावलं होतं. दुसऱ्या किड्याच्या जिवंत अंगात वाढून ते पोखरणारं पिल्लू दयाळू देवाने मुद्दाम योजलं असेल, हे मनाला पटत नाही, असं त्याने 1860 साली एसा ग्रे यांना लिहिलं. ग्रे हे वनस्पतिशास्त्रज्ञ, श्रद्धावान ख्रिस्ती आणि अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारे. त्याआधी 1851 साली डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती.

मी घरटं फोडलं त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेवीस वर्षांचा होता. मंडळीने उपास केले, रात्ररात्र प्रार्थना केल्या. शेवटच्या आठवड्यात त्याच्या पायांची कातडी इतकी हुळहुळी झाली होती, की चादरीचाही स्पर्श सोसेना. आई ती हातांनी वर उचलून धरून बसायची. तो गेल्यावर भेटायला आलेल्या एकांनी आईला सांगितलं, "विश्वासात कुठेतरी कमी पडलं." आई काही बोलली नाही. पुढच्या प्रभुभोजनाला मी थाळी पुढे दिली आणि त्यानंतर सात महिने घेतली नाही.

त्या काळात मला धरून ठेवलं ते बायबलमधल्या 88व्या स्तोत्राने. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधार या शब्दावर संपतं. तरीही कुणीतरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं, गायला दिलं. देवाला तोंडावर "तू मला का टाकलंस" असं विचारणारा माणूस मंडळीबाहेरचा नाही, हे मला तिथे समजलं. अळीचं उत्तर मला मिळालं नाही. भावाचंही नाही. वधस्तंभावर स्वतः तोच प्रश्न ओरडून विचारणारा प्रभू आहे, एवढ्यावर मी पुन्हा उपासनेला जायला लागले. तू विचारशील, हे पुरतं का? मला पुरलं. सगळ्यांना पुरेल असं मी म्हणत नाही.

आता थाळीचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू गालीलात डोंगरावर भेटतो. अकरा शिष्य त्याला नमन करतात, "पण कित्येकांना संशय वाटला," असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. नीट वाच. प्रभू त्या संशयी लोकांना बाजूला काढत नाही. सगळ्या जगात जाण्याची आज्ञा तो त्या सगळ्यांना मिळून देतो. थोमा या शिष्याचंही तसंच. पहिल्या आठवड्यात त्याने प्रभू उठला हे मानायला नकार दिला, तरी आठ दिवसांनी तो त्याच बंद खोलीत बाकीच्यांबरोबर बसलेला होता. त्याला कुणी घालवलं नव्हतं आणि तोही उठून गेला नव्हता. तेव्हा पुढच्या वेळी थाळी आली, की भाकरी घे. खात्री झाल्यावर घेईन म्हणून थांबू नकोस. मी सात महिने थांबले, त्याने खात्री वाढली नाही, एकटेपणा तेवढा वाढला.

आजींशी सहा दिवसांवरून वाद घालू नकोस. जमलं तर एकदा परवानगी काढून त्यांना प्रयोगशाळेत ने. ती काचेची बशी उजेडाकडे धर, कड्याच्या आतले ते दोन ठिपके दाखव आणि ते तिथे कसे आले हे तुझ्या शब्दांत सांग. आजी काय म्हणाल्या, ते मला नक्की कळव.