कमर्शियल केसचा वकील कसा निवडायचा? वाचकांचे प्रश्न

वकील खरा कसा ओळखायचा आणि व्यापारी केसला वेगळा वकील लागतो का, हे इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी एकत्रच उत्तरं द्यायला बसले. मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे नुसतं हे वाचून काही करू नका.

मॅडम, समोरच्याकडे खरंच सनद (वकिली करायचा परवाना) आहे हे कसं कळणार? – अंधेरी

सनद नंबर मागा आणि तो बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तपासून घ्या. नंबर द्यायला का-कू करणाऱ्याला वकीलपत्र देऊ नका.

सॉलिसिटर म्हणजे वकिलापेक्षा मोठा का? – गिरगाव

नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा पास झालेला तो सॉलिसिटर. परीक्षा अवघड असते हे खरं, पण कोर्टात उभं राहायचा हक्क सनदेमुळेच मिळतो.

सीनियर काउन्सेलना थेट केस देता येते? – मुलुंड

नाही, कोर्टाने ज्येष्ठ म्हणून नेमलेले हे वकील वकीलपत्र घेत नाहीत. तुमच्या वकिलामार्फतच ब्रीफ, म्हणजे केसचे कागद आणि माहिती, त्यांच्याकडे जातं.

इन्स्टाग्रामवर एक जण म्हणतो आधी फी नको, वसुलीतले 25 टक्के द्या, शंभर टक्के रिकव्हरी. देऊ का केस? – दादर

अजिबात नको. निकालावर फी ठरवणं, वसुलीत वाटा घेणं आणि जाहिरात करून पक्षकार गोळा करणं, हे तिन्ही वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. निकालाची हमी तर कुणीच देऊ शकत नाही. आणि सनद विचारलीत की कधीकधी कळतं, हा वकीलच नाही, रिकव्हरी एजंट आहे. तोवर चेक, बिलं, सगळे ओरिजिनल कागद त्याच्याकडे गेलेले असतात!

मस्जिद बंदरला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. सप्लायरने 14 लाखांचा कमर्शियल दावा लावलाय, समन्स मिळून 70 दिवस झाले. सोसायटीचं काम बघणारे ओळखीचे वकील म्हणतात घाई नाही, तारखेला बघू. बरोबर आहे का?

दादा, बरोबर नाही, आणि याच एका गोष्टीसाठी मी प्रत्येकाला वकिलाची पार्श्वभूमी विचारायला सांगते. साध्या दिवाणी दाव्यात 90 दिवस उलटल्यावरही कोर्ट कधीकधी लेखी जबाब घेतं, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्यांना तारीख मागायची सवय असते. कमर्शियल कोर्टात तसं चालत नाही. 2015 च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यानुसार 30 दिवसांत लेखी जबाब, उशिराचं कारण पटलं तर कोर्ट खर्च भरायला लावून मुदत वाढवतं, पण 120 दिवसांच्या पुढे कोर्टालाही तो घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि हे दिवस समन्स हातात पडल्यापासून मोजायचे, वकील नेमल्यापासून किंवा पहिल्या तारखेपासून नाही. जबाब गेला नाही तर माल खराब होता, पैसे आधीच दिले होते, हे सगळं खरं असूनही तुमची बाजू रेकॉर्डवरच येत नाही, म्हणजे अर्धी केस तिथेच हरलात. जबाबासोबत सगळी कागदपत्रं आणि सत्यतेचं प्रतिज्ञापत्रही लागतं, ते एका रात्रीत होत नाही. 2018 पासून 3 लाखांच्या वरचे व्यापारी वादही या कायद्यात आलेत, त्यामुळे आता हे छोट्या दुकानदारांनाही लागू आहे. ओळखीचे आहेत म्हणून गप्प बसू नका, त्यांना सरळ विचारा, कमर्शियल कोर्टात आधी किती जबाब दाखल केलेत? उत्तर गुळमुळीत आलं तर उद्याच कागद घेऊन या कामातल्या वकिलाकडे जा. तुमच्याकडे फक्त 50 दिवस उरलेत.

पार्टी अडीच वर्षं "दिवाळीनंतर देतो" म्हणतेय. अजून थांबू? – लालबाग

नका थांबू. उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा साधारण 3 वर्षांतच लावावा लागतो आणि फोनवरच्या आश्वासनाने ती मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत पार्टीने सही करून लेखी कबुली दिली तर वाढते. शिवाय तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर कमर्शियल दाव्याआधी मेडिएशनचा (मध्यस्थीचा) अर्ज करावाच लागतो. बिलं, चलनं, खातेउतारा घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा.