बूट मोजणारा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं. फुटबॉलच्या अकरात नाव नाही, राखीवमध्ये नाही, वर दौऱ्यासाठी टीमचा मॅनेजर केलंय. "म्हणजे पोरांच्या पिशव्या उचलायच्या," असं म्हणालास. तेव्हा मी गप्प बसलो, कारण ऐकायची तुझी तयारी नव्हती. राग निवला असेल तर हे वाच.

१८९९ मधली गोष्ट आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात डोंगरावर सुवानी नावाचं गाव, तिथलं एक छोटं कॉलेज. त्यांचा फुटबॉल आपल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. लांबट चेंडू काखोटीला मारून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, एवढाच तो खेळ. पुढे पास फेकायची मुभा १९०६ मध्ये आली. तोवर सगळं रेटारेटीवर चालायचं. हेल्मेट क्वचित कुणाच्या डोक्यावर दिसायचं. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत घेत नसत, म्हणून मार लागला तरी पोरं मैदान सोडायची नाहीत.

त्या मोसमात हे कॉलेज बाराच्या बारा सामने जिंकलं. ३२२ गुण केले, दिले फक्त १०. पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यातले पाच सामने. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला १२-० हरवलं. रात्री गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमवर १०-०. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टुलेनवर २३-०. रविवारी सुट्टी. त्या दिवशी पोरांना उसाचा मळा दाखवायला नेलं. (तुला हसू येईल. आपल्याकडच्या पोरांना कोण ऊस दाखवायला नेईल?) सोमवारी बॅटन रूजला लुइझियाना स्टेटवर ३४-०, मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपीवर १२-०. सहा दिवसांत पाच सामने, जाऊन येऊन सुमारे चार हजार किलोमीटर रेल्वेचा प्रवास, आणि समोरच्यांना एक गुणही मिळाला नाही.

कप्तान सायबल्स, कोच सूटर, ही नावं तिकडे घेतली जातात. पण तो दौरा ठरवला कुणी? ल्यूक ली नावाच्या विद्यार्थ्यानं. वय वीस. टीमचा मॅनेजर.

आता यात शौर्य कमी आणि हिशेब जास्त होता, हेही ऐकून ठेव. व्हँडरबिल्ट हे त्यांचं शेजारचं प्रतिस्पर्धी कॉलेज. तिकिटांच्या पैशांवरून दोघांचं वाजलं आणि त्या वर्षीचा हमखास गल्ल्याचा सामना बुडाला. ती तूट भरून काढायला लीनं लांबलांबच्या कॉलेजांशी बोलणी केली आणि एकाच फेरीत पाच सामने बसवले. पैसा जमेल असं वेळापत्रक. मला विचारशील तर मी एवढे सामने लागोपाठ लावू दिले नसते. पोरांच्या हाडांवर काढलेलं कर्ज आहे ते. लोक त्या दौऱ्याला दैवी म्हणतात, मला तो वाचून आधी पोरांचे गुडघे आठवतात.

पण त्या वेळापत्रकात पोरं उभी कशी राहिली, ते बघ. बाहेरगावचं पाणी बाधतं म्हणून सुवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून गाडीत चढवलं होतं. आपल्या तालमीतला वस्ताद परगावच्या कुस्तीला जाताना हेच करायचा. सोबत कॅल बरोज नावाचा काळा गृहस्थ होता. पोरांची अंगं रगडून त्यांना दुसऱ्या दिवशी चालतं करायचं, हे त्याचं काम. त्या कॉलेजात काळ्या माणसाला शिकायला प्रवेश नव्हता, पण त्याच्या हातांशिवाय ह्यूस्टनचा सामना झाला असता असं मला वाटत नाही.

आणि बूट. सांगतात की गाडी सुटल्यावर लीच्या ध्यानात आलं, खेळायचे बूट मागेच राहिलेत. तारा गेल्या, मागच्या गाडीनं बूट आले, सामना वेळेवर झाला. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. कारण मिरजेला गाडी बदलताना आमच्या जर्सीचं बोचकं मी बाकड्यावर विसरलो होतो. मीच, दुसरं कुणी नाही. समोरच्या टीमनं आपल्या जुन्या, घामट बनियनी दिल्या. त्यांचा वास अजून नाकात आहे. ४-१ हरलो. आमचा गोली परतीच्या प्रवासात माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्या मोसमातला मला सर्वांत आवडणारा सामना मात्र त्या पाचांतला नाहीच. घरी परतल्यावर ३० नोव्हेंबरला ऑबर्न कॉलेजशी गाठ पडली. बाराही सामन्यांतले सगळे १० गुण त्यांनी एकट्यांनी घेतले. ११-१०, कसेबसे वाचले. आणि दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनावर ५-०. आधीचा दौरा अंगात मुरलेला असताना.

ली पुढे सिनेटर झाला. १९१९ मध्ये मित्रांना घेऊन जर्मनीच्या पदच्युत बादशहाला, म्हणजे कैसरला, उचलून आणायला थेट हॉलंडमधल्या वाड्यात शिरला आणि रिकाम्या हातानं परतला. नंतर बँकेच्या प्रकरणात तुरुंगातही गेला. तेव्हा त्याचा फोटो भिंतीवर लाव असं मी म्हणत नाही. त्याच्या बोलण्यातली धमक घे आणि बाकीचं सोड.

तुझी गाडी शुक्रवारी पहाटेची आहे ना? गुरुवारी रात्री बुटांच्या जोड्या स्वतः मोज, दोन जोड्या जादा ठेव. ज्याची पोटरी दुखते त्याला खालचा बर्थ दे. पाण्याचे कॅन घरूनच भरून ने. आणि परतीच्या तिकिटांचे पैसे तुझ्या खिशात नको, सरांकडे असू देत. पोहोचलास की फोन कर, निकाल नंतर सांग, आधी सामान सगळं आलं का ते सांग.

तुझा
काका