स्कूटरवरून बाईकवर येत असशील तर आधी डावा हात सांभाळ

भाऊ, घाबरू नको, होऊन जाते सवय. सगळा घोळ डाव्या हाताचा आहे. स्कूटरवर डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, बाईकवर तोच क्लच (दाबला की इंजिनचा जोर चाकापासून सुटते), म्हणून नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत कोणी आडवं आलं की नवीन माणूस सवयीनं डावाच दाबते अन् गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पुढं जाते. बाईकवाला स्कूटरवर बसला की उलटं, क्लच समजून जोरात दाबते, मागचं चाक लॉक!

सध्या एवढंच कर:
- गाडी बंद ठेवून उजवा हात पुढचा ब्रेक, उजवा पाय मागचा, दोन्ही सोबत, हात-पाय आपोआप जाईपर्यंत.
- मग सकाळी रिकाम्या मैदानात निघ-थांब.
- गाडी बदलली की सुरुवातीला हळू, समोरच्यापासून अंतर जास्त.

गिअर पाडून स्पीड कमी करणं वगैरे नंतर बघू. वर्धा रोडवर इतक्यात नको नेऊ, खरंच.