प्लायमथचा गिअरबॉक्स बदलला, आता आरसीचं काय होणार?

मिरजेहून एका वाचकांचं मोठं पत्र आलंय, त्यातला गाभा आधी सांगतो. आजोबांनी घेतलेली १९५२ ची प्लायमथ ही अमेरिकन गाडी, सहा सिलेंडरचं जुन्या पद्धतीचं फ्लॅटहेड इंजिन, स्टिअरिंगवर तीन गिअरचा दांडा. आंबा घाटात दुसरा गिअर सारखा सटकायला लागला, पार्ट मिळेनात, म्हणून गॅरेजवाल्याशी बोलणं झालं की पाच गिअरचा बॉक्स बसवायचा पण चॅसीला हात लावायचा नाही, तसा व्हॉट्सॲपवर मेसेजपण आहे. त्याने बोलेरोचा बॉक्स आणला, तो जागेवर बसेना म्हणून क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसीच्या सांगाड्यातला आडवा दांडा, गॅसने कापून परत वेल्डिंग मारलं, फ्लोअरला भोक पाडून दांडा खाली घेतला, आणि हँडब्रेक गेला तो गेलाच. आता आरसी रिन्युअलला गाडी नेली तर इन्स्पेक्टर तोंडी म्हणाले होणार नाही, आणि जुना बॉक्स गॅरेजवाला देत नाहीये, अजून ४० हजार द्या मग न्या म्हणतोय. तुम्ही विचारलंय की माझ्यावर गुन्हा होऊ शकतो का, व्हिंटेजचा नंबर मिळेल का, आणि जुना बॉक्स परत कसा मिळवू.

सगळ्यात आधी एक सांगतो, गिअरबॉक्स बदलला म्हणून घाबरू नका, तुमची खरी अडचण त्या कापलेल्या क्रॉस मेंबरची आणि हँडब्रेकची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की बाकी बराच गुंता सुटतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीमधला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. आणि बदल म्हणजे काय तेही तिथेच सांगितलंय, गाडीच्या रचनेत असा फरक की तिचं मूळ स्वरूपच बदलतं. आता तुमची आरसी काढून बघा. इंजिन नंबर आहे, चॅसी नंबर आहे, सिलेंडर किती, सीसी किती, इंधन, बॉडीचा प्रकार, व्हीलबेस, सीट, रिकाम्या गाडीचं वजन, रंग. गिअर किती आणि दांडा कुठे याचा कॉलमच नाही त्यात. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या आरटीओच्या केसमध्ये बदलांबद्दल खूप कडक निकाल दिला, जयचंद्र निकाल म्हणून तो ओळखला जातो, पण त्यातही भर आहे तो कंपनीने आरसीतल्या नोंदीसाठी दिलेल्या तपशिलावरच. त्यामुळे नुसती ॲडॉप्टर प्लेट, म्हणजे इंजिन आणि नवा बॉक्स जोडणारी पट्टी, लावून, जुन्याच बोल्टच्या जागा वापरून, काही न कापता बॉक्स बसवला असता तर मी तुमची बाजू छातीठोकपणे मांडली असती. क्रॉस मेंबर मात्र चॅसीचा भाग आहे, तो कापला की रचनेत हात घातला असं समोरचा सरळ म्हणू शकतो, आणि ते खोडून काढणं सोपं नाही.

गुन्ह्याचं म्हणाल तर १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२ए लागू आहे, त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेल्या बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. हे पोटकलम मालकाला धरतं, मेकॅनिकला नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. गॅसकटर त्याच्या हातात होता तरी नाव तुमचं येतं. म्हणून तो व्हॉट्सॲपचा मेसेज जपून ठेवा, फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, कारण तुमच्या संमतीशिवाय हे झालं याचा तोच पुरावा आहे, आणि कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) सर्टिफिकेट त्यासोबत लागेल. अजून नोटीस आलेली नाही, गाडी अडवलेली नाही, तोवर आपणहून दुरुस्त करून घेतलीत तर प्रकरण तिथेच मिटायची शक्यता जास्त.

हँडब्रेकचं मात्र मला सगळ्यात जास्त टेन्शन आलं पत्र वाचताना. माझ्या मामांकडे फार्गोचा ट्रक होता, प्लायमथसारखाच क्रायस्लर कंपनीच्या खानदानातला, त्यामुळे या गाड्या थोड्या माहीत आहेत. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकात नसतो, गिअरबॉक्सच्या शेपटीला असतो, प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या, आधी. म्हणजे बॉक्स काढला की हँडब्रेक त्याच्यासोबत जातो, आणि गॅरेजवाल्याने त्याचा विचारच केला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ९६ प्रमाणे पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक ही दोन स्वतंत्र साधनं हवीतच. कलम ५३ खाली गाडी रस्त्यावर धोकादायक आहे म्हणून रजिस्ट्रेशन सस्पेंड करता येतं आणि बिनहँडब्रेकची गाडी त्यात अगदी चपखल बसते. म्हणजे इन्स्पेक्टरांनी नाही म्हटलं त्यात त्यांची चूक नाही. उद्या ही गाडी उतारावरून घरंगळून कुणाला लागली तर कायद्याचा मुद्दा फार मागे राहील हो. तेव्हा हँडब्रेक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, आरसीची मुदत संपली असेल तर तसंही चालवता येणार नाही, न्यायची असेल तर टो करून न्या. इन्शुरन्सचंही तेच, अशा गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा क्लेम सर्व्हेअर सहज पास करणार नाही.

आता व्हिंटेज नंबर. १५ जुलै २०२१ च्या नोटिफिकेशनने केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाड्यांचा वेगळा भाग आला. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापर, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल यासारखं मोठं काम झालेलं नसावं अशी व्याख्या आहे. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही हे खरंय, पण यादी "यासारखं" या अंगाने लिहिलेली आहे आणि मूळ स्वरूप हा शब्द वर आहेच, तेव्हा त्या एका फटीवर भरवसा ठेवून अर्ज करू नका, त्यात तुमचं क्रॉस मेंबर आणि फ्लोअरचं भोक म्हणजे चॅसी आणि बॉडी शेल दोन्ही आलं. शिवाय व्हिंटेज झाली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. नवीन रजिस्ट्रेशनची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि आधीपासून रजिस्टर असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आजोबांचा नंबर जाणार नाही.

तुम्हाला घाटातून कोकणात न्यायला पाच गिअर हवेत आणि व्हिंटेजचा मानही हवा. माझं स्पष्ट मत, दोन्ही एकत्र मागू नका. रोज चालवायची असेल तर साधी आरसी ठेवा. पण तुमच्या जागी मी असतो तर जुना तीन गिअरचा बॉक्सच परत बसवला असता. दुसरा गिअर सटकणं म्हणजे बऱ्याचदा बेअरिंग, सिंक्रो किंवा लॉकिंगची झीज असते, बॉक्स मेलेला नसतो, आणि कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर असे पार्ट बनवून देणारी माणसं मिळतात. वेग हवाच असेल तर १९५२ पासून प्लायमथने स्वतः ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वेगात इंजिनचे फेरे कमी करणाऱ्या जोडणीचा, ऑप्शन दिला होता, तो मिळाला तर मूळ कंपनीचीच गोष्ट आहे असं कागदावर दाखवता येतं, तीन गिअर तेच राहतात आणि हायवेला इंजिन शांत पळतं. फक्त त्याची लांबी वेगळी असते, तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट आणि हँडब्रेकची जुळणी आधी बघून घ्या. परदेशातून वापरलेला मागवणार असाल तर सेकंडहँड मालाच्या आयातीला परवाना लागतो, मागवायच्या आधी कस्टमच्या एजंटला विचारा, नाहीतर माल अडकून बसतो.

पत्रात एक ओळ सहज आलीये की लग्नसराईत गाडी भाड्याने देता. ते आजपासून बंद करा. खासगी आरसीवर भाडं घेतलं तर परमिटचा प्रश्न येतो, कलम ६६, व्हिंटेजचा खासगी वापराचा निकष मोडतो, आणि ग्राहक आयोगात समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल की हे ग्राहक नाहीतच, गाडी धंद्यासाठी आहे.

आता गॅरेजवाला. काम करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने दिलाय हे खरं, पण ठरलेल्या उद्देशाप्रमाणे काम केलं असेल तरच. चॅसीला हात लावायचा नाही असं लिहून ठरलेलं असताना कापली, तर तो हक्क कसा सांगणार. जुना बॉक्स तुमच्या मालकीचा, कलम १६० प्रमाणे परत करायचा आणि नाही केला तर १६१ प्रमाणे नुकसानीला तो जबाबदार. आधी स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत, त्यात तीन मागण्या करा, जुना बॉक्स ड्रमसकट परत, क्रॉस मेंबर आणि फ्लोअर पूर्ववत करायचा खर्च, आणि दिलेल्या पैशातला वाजवी परतावा. नाही ऐकलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि कामाचे म्हणून दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. बॉक्स त्याने विकून टाकला असं कळलं तर पोलिसांत विश्वासघाताची तक्रारही होऊ शकते, पण ते शेवटी, आधी बॉक्स हातात येऊ दे.

आरटीओकडून मात्र नकार लेखी मागा. तोंडी नकारावर काही करता येत नाही, लेखी आदेश आला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. दुरुस्ती केल्यावर गाडी परत दाखवा, बहुतेक अपिलाची वेळच येणार नाही.

नोटिशीत बॉक्सचं वर्णन नुसतं "जुना गिअरबॉक्स" असं लिहू नका, कारण तो दुसरा कुठलातरी आणून समोर टाकेल. जुने फोटो शोधा, सर्व्हिसिंगचे, कुणीतरी गाडीखाली पडून काढलेले असतील, बॉक्सच्या अंगावर ओतीव नंबर असतो तो फोटोत दिसला तर लिहून घ्या. आणि आत्ता, काहीही दुरुस्त करायच्या आधी, कापलेल्या क्रॉस मेंबरचे चारही बाजूंनी तारखेसकट फोटो काढा, शक्य असेल तर एखाद्या इंजिनिअरकडून दोन ओळींचा रिपोर्ट घ्या. वेल्डिंग घासून नीट केल्यावर मग दाखवायला काही उरणार नाही. ते फोटो आणि मेसेज मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी करून देतो.