अर्धी प्रदक्षिणा

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, सौ. ६०च्या. दोघंही रोज सकाळी सांगलीत सायकल चालवतो. लेक-जावई श्टुटगार्टला असतात, जूनमध्ये त्यांच्याकडे जाणार आहोत. तिथल्या ‘बोडनझे’ तळ्याभोवती मोटारींचा त्रास नसलेला सायकलमार्ग आहे, असं जावई सांगतात. पूर्ण फेरी करायची फार इच्छा आहे. आम्हाला जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल. पण पूर्ण करू नका, असं माझं मत.

बोडनझे म्हणजे आपल्याकडे लेक कॉन्स्टन्स म्हणतात तेच. सगळा फेरा २६० ते २७० किलोमीटरचा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असे तीन देश त्यात येतात, पण शेंगेन व्हिसा एकच चालतो. जावईबापू म्हणतात ते बरंचसं खरं आहे. बहुतेक वाट सपाट आणि मोटारींपासून वेगळी आहे. बहुतेक, सगळी नव्हे. उत्तर काठावर मेर्सबुर्ग ते फ्रीडरिक्सहाफेनच्या टप्प्यात मधूनमधून मोठ्या रस्त्याची घरघर कानाशी येते. पश्चिमेला बोडमानच्या पुढे तर डोंगरच आडवा येतो, तिथे तुमचा सांगलीचा सपाटीचा सराव कामाला यायचा नाही. शंकराला आपण अर्धीच प्रदक्षिणा घालतो, त्याला कुणी कमी भक्ती म्हणत नाही. तुम्हीही पूर्वेचा अर्धा घ्या आणि बाकीचं तळं बोटीतून बघा.

श्टुटगार्टहून उल्ममार्गे रेल्वेने फ्रीडरिक्सहाफेनला उतरा. झेपेलिनचं, म्हणजे वायूने भरलेल्या लांबट हवाई जहाजाचं गाव ते. १९०० साली २ जुलैला पहिलं झेपेलिन इथल्याच पाण्यावरून उडालं, जुन्या बंदर-स्टेशनात त्याचं संग्रहालय आहे. ते बघायचं तर अर्धा दिवस राखून ठेवा. तिथून पूर्वेला निघायचं. लांगेनआर्गेनच्या पुढे आर्गेन नदीवर १९व्या शतकाच्या अखेरीचा झुलता पूल लागतो. तो आता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. मग सफरचंदाच्या बागा, वर गारांपासून बचावाच्या जाळ्या ताणलेल्या. बागेच्या कडेला टेबल, त्यावर फळं किंवा रसाच्या बाटल्या, भाव लिहिलेली पाटी आणि पैसे टाकायला भोक पाडलेला डबा. विकणारं माणूस नसतं. सुट्टी नाणी खिशात ठेवा, पन्नासची नोट त्या भोकातून जाते पण सुट्टे परत येत नाहीत.

पहिला मुक्काम लिंडाऊ बेटावर करा किंवा आणखी दहाएक किलोमीटर जाऊन ब्रेगेंझला. दुसरा दिवस माझ्या सगळ्यात आवडीचा. हार्ड गावाजवळ ऱ्हाईन ओलांडायची. ही नदी पूर्वी हवी तिकडे वळायची, गावं बुडवायची. १९०० साली तिला सरळ कालवा काढून दिला. तिचा गाळ खाडीतच साचू नये म्हणून दोन्ही बांध थेट तळ्यात पुढे नेत गेले आहेत. पलीकडे सगळं ओलं गवत, बोरू आणि पक्षी. इथे घाई कराल तर मला वाईट वाटेल. गाइसाऊला जुन्या ऱ्हाईनवरचा छोटा पूल पार केला की स्वित्झर्लंड, आणि मग रोरशाख. तिसऱ्या दिवशी आर्बोनवरून रोमान्सहोर्न, तिथून फेरीबोट, आणि चाळीसेक मिनिटांत पुन्हा फ्रीडरिक्सहाफेन. स्विस काठाने रेल्वेरुळ वाटेला जवळजवळ चिकटूनच धावतात. सौंचे गुडघे बोलायला लागले तर पुढच्या स्टेशनात चढा. फक्त स्विस गाडीत सायकलीचंही तिकीट काढावं लागतं.

ही दिशा मी उगाच नाही सांगितली. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात. घड्याळाच्या काट्याप्रमाणे गेलात की तळं उजव्या हाताला राहतं, म्हणजे फोटोला किंवा बाकावर टेकायला रस्ता ओलांडावा लागत नाही. पाट्या ओळखायला सोप्या : जर्मनी-ऑस्ट्रियात निळ्या चाकाचा पाठमोरा सायकलस्वार, स्वित्झर्लंडात लालसर पाटीवर २ हा आकडा.

आता तुम्हाला खरा धोका कुठे आहे ते सांगते. तो मोटारींचा नाही, पायांच्या सवयीचा आहे. भाड्याच्या बऱ्याच जर्मन सायकलींना पायाचा ब्रेक असतो, पॅडल मागे फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपण सांगलीत उतारावर मजेत पॅडल उलटं फिरवत बसतो. तिथे तसं केलंत तर सायकल जागच्या जागी गचकन थांबेल आणि मागून सौ. येत असतील. दुकानाच्या अंगणातच दहा मिनिटं फिरवून बघा. हँडलच्याच ब्रेकची सायकल मागितली तर तीही मिळते. दुसरी सवय डावीकडून चालवायची. सायकलच्या वाटेवरही उजवीच बाजू धरायची. गावातल्या छोट्या चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. समोरचा आजोबा हात उडवून काही बोलला, तर बहुधा हेच सांगत असतो.

ई-सायकल घ्यायला लाजू नका, तिथे ऐंशीच्या आज्या घेतात. ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंत जोर देणारी ई-सायकल तिन्ही देशांत चालते. मात्र स्वित्झर्लंडात एप्रिल २०२२ पासून ई-सायकलीचा दिवा दिवसाही लावावाच लागतो.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. मुलगा सात वर्षांचा आहे, नुकताच गिअरची सायकल चालवायला लागलाय. एका शनिवार-रविवारात त्याला घेऊन कुठला तुकडा करावा? – एक आई, म्युनिक

उत्तर : लिंडाऊ ते ब्रेगेंझ. दहाएक किलोमीटर, सपाट, आणि म्युनिकहून लिंडाऊला थेट रेल्वे आहे. मुलगा कंटाळला तर परतीला गाडी किंवा बोट. बोटच घ्या, त्याला तीच आठवेल. अडचण एकच, ही वाट सगळ्यांनाच आवडते. रविवारी दुपारी चालणारे, पळणारे, बाबागाड्या सगळे तिथेच. सकाळी नऊच्या आत निघा.

जर्मनीत आठ वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर सायकल चालवायची नसते, फुटपाथवरून किंवा वेगळ्या सायकलवाटेने जायचं. सोबतच्या मोठ्या माणसालाही त्याच्याबरोबर फुटपाथवर परवानगी आहे. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं, तेव्हा ते लिंडाऊलाच डोक्यावर चढवा. पुढच्या वेळी रायखेनाऊ बेट करा. पॉप्लरच्या झाडांमधून बांधावरचा रस्ता बेटावर नेतो. तिथे जुन्या मठाची चर्च आहेत (२००० पासून जागतिक वारसा), पण मुलाला काचघरांतले टोमॅटो जास्त आवडतील. माइनाऊ या फुलांच्या बेटावर मात्र सायकल नेता येत नाही, दाराशी लावून चालायचं.

प्रश्न : वाटेत वादळ आलं तर? आणि शाकाहारी माणसाने खायचं काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : काठावर ठिकठिकाणी नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा म्हणजे वादळ. आहेत ते नाववाल्यांसाठी, पण आपल्याला फुकटात कळतं. भरभर लुकलुकायला लागले की झाडाखाली थांबू नका, स्टेशन किंवा हॉटेल गाठा. आल्प्सवरून येणारा ढग वाटतो त्यापेक्षा लवकर पोचतो.

खाण्याचं म्हणाल तर केझश्पेट्सले मागा. अंडं घातलेल्या मऊ पिठाच्या शेवयांसारखे तुकडे, वितळलेलं चीज, वर खमंग तळलेला कांदा. एक ताट दोघांत पुरतं. अंडं किंवा चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चालत नसेल तर आधी विचारा. लाल तिखटाची पुडी घरूनच न्या.

आणि न विचारलेलं एक : स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे युनियनमधल्या देशांच्या बऱ्याच सिमांचं फुकट रोमिंग तिथे लागू होत नाही. गंमत म्हणजे जर्मन काठावर बसलेलं असतानाही फोन कधीकधी पलीकडचा स्विस टॉवर पकडतो. काठाजवळ डेटा रोमिंग बंद ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या.