स्मॉल एम, कॅपिटल एम

तुझ्या प्रोग्रामने छापलेली पावती पाहिली. व्यवहार १२ मार्चचा आणि छापलंय १२ मे. डेटाबेसला शिव्या घालू नकोस, तो बिचारा बरोबर आहे. वेळ बघ: दुपारचे २ वाजून ५ मिनिटं. पायथन भाषेत तारीख-वेळ हव्या त्या रूपात छापणारं फंक्शन म्हणजे स्ट्रफटाइम. त्यात टक्क्यापुढे स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. तू कॅपिटल टाकलास, म्हणून महिन्याच्या जागी ०५ येऊन बसलं. तासाच्या तिसऱ्या मिनिटाला टेस्ट केलं असतंस तर सगळं बरोबरच दिसलं असतं!

उद्या जावा या दुसऱ्या भाषेतल्या प्रोजेक्टवर गेलास तर नेमकं उलटं: कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. तिथे वर्षासाठी कॅपिटल वाय मात्र लिहू नकोस. ते आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष, म्हणजे डिसेंबरचे शेवटचे दिवस पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पडले तर वर्षही पुढचंच छापतं. ३० डिसेंबर २०२४ चं चक्क ३० डिसेंबर २०२५ होतं, आणि बाकी वर्षभर बग गुपचूप झोपलेला. त्याच्यापायी माझी एक थर्टी फर्स्ट ऐरोलीच्या ऑफिसातच गेलीये.

सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे रात्री १ वाजता केलेली नोंद तिथे आदल्या संध्याकाळी साडेसातची. म्हणून आधी टाइमझोन 'एशिया/कोलकाता', म्हणजे आपली भारतीय वेळ, करून घे, फॉरमॅट नंतर.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस हाच क्रम ठेव, एकअंकी आकड्याआधी शून्य लावून. दिवस पुढे आला की यादीत १ मे ही २ जानेवारीच्या वर जाऊन बसते.